मनू, त्याचा कागद नीट ठेव

मनू,

काल रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, तेव्हा काही सुचलंच नाही बघ. पहाटे चारला जाग आली, पप्पा झोपलेत, म्हणून किचनमधे बसून टाइप करतेय, लांबेल बहुतेक, रूमवर निवांत असशील तेव्हा वाच.

तुझ्या आयसीटीसीला, त्या एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या केंद्राला, आलेला तो माणूस. त्याचं नाव मला सांगितलं नाहीस ते बरं केलंस, मला सुद्धा कधी सांगू नकोस. रिपोर्ट पॉझिटिव्ह, बायको सहा महिन्यांची गरोदर, आणि म्हणतो तिला कळता कामा नये. तू म्हणालीस, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" आवाज पण चढवला नाहीस, पण तो उठला, दारात चपला घातल्या आणि एआरटी सेंटरला, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, न्यायचा कागद टेबलावरच टाकून निघून गेला.

तुला बोलायला मला तोंड नाही, कारण मी हेच केलंय आणि तुला कधी सांगितलं नाही.

2009 ची गोष्ट. तेव्हा टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस, आणि सुरुवातीचे महिने तर सिस्टरच्या समोर गिळायच्या. रोजच्या गोळ्या खूप नंतर आल्या, 2017 च्या सुमारास. माझ्याकडे एपीएमसीतला एक हमाल यायचा, जावळीकडचा, तिशीतला, कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलायचा. दीड महिना नीट आला आणि मग एक खाडा, दोन खाडे. तिसऱ्या वेळी आला तेव्हा ओपीडी भरलेली, माझं डोकं तापलेलं, मी सगळ्या लाइनसमोर त्याला म्हणलं, "दारू पिऊन पडत असशील, म्हणून येत नाहीस. पोराबाळांना पण देणार का हा रोग?" तो म्हणाला, "हो सिस्टर, चुकलं." खाली मान घालून गोळ्या गिळल्या, ग्लास विसळून पालथा ठेवला आणि गेला. मला वाटलं चला, सुधारला. तो ग्लास पालथा ठेवलेला मला अजून दिसतो.

तो परत आलाच नाही. पंधरा दिवसांनी त्याचा गाववाला खोकला दाखवायला आला, त्याच्याकडून कळलं. दारूचा थेंब घेत नव्हता तो. टीबीच्या त्या गोळीने लघवी लाल होते ना, ते मी त्याला सांगितलं होतं, घाबरू नकोस म्हणून, आणि तो घाबरला नव्हताच, पण एका खोलीत आठ-नऊ जण राहायचे, संडास एकच, बाकीच्यांनी बघितलं आणि कुजबुज सुरू झाली, ह्याला काहीतरी वाईट रोग लागलाय, ह्याला खोलीतून काढा. म्हणून गोळ्या चुकवायला लागला. एवढंसं कारण. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने, मी जाऊन खोलीवरच्यांना समजावलं असतं, फार अवघड नव्हतं ते. पण मी विचारलंच नव्हतं, मी स्वतःच कारण ठरवून टाकलं होतं आणि त्याने ते मुकाट्याने कबूल केलं, कारण कबूल केलं की बोलणी लवकर संपतात. गावाला गेला म्हणाला तो गाववाला, पुढे काय झालं मला कधीच कळलं नाही.

तेव्हापासून मी विचारायची पद्धत बदलली. "गोळ्या नियमित घेता ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, शंभरातले शंभर. त्याऐवजी म्हणायची, "बऱ्याच जणांच्या मधेमधे राहतात हो, तुमच्या या आठवड्यात किती राहिल्या?" मग खरा आकडा यायचा, दोन, तीन, एकदा तर एक आजी म्हणाल्या सगळ्याच, उशीखाली आहेत. आणि "का" ने सुरू होणारा प्रश्न शक्यतो टाळ बाळा, "का नाही आलात" म्हणलं की समोरचा जबाब द्यायला लागतो, "काय झालं मधे" म्हणलं की सांगायला लागतो.

आणि अजून एक, हे तुमच्या ट्रेनिंगमधे सांगतात का माहीत नाही. शाबासकी पण जपून दे. मी एका बाईला सारखी म्हणायची, तुम्ही माझ्या सगळ्यात शहाण्या पेशंट, आणि तिच्या गोळ्या राहिल्या तेव्हा ती शहाणी बाई मला सांगूच शकली नाही. अरेरे म्हणणं पण तसंच. तुझ्या पुस्तकातले ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, 1957 चा त्यांचा लेख तू मला वाचून दाखवला होतास, समोरच्याला अटी न घालता स्वीकारायचं म्हणून, तेव्हा मला तो हमाल आठवला, माझ्यासमोर मान खाली घालणारा.

आता तुझा प्रश्न. तू म्हणालीस, "मग काय आई, त्याला बरोबर म्हणू? त्या बाईचं काय?" नाही गं. तुझा राग खरा आहे, मला पण आला ऐकून. त्या बाईची टेस्ट परत व्हायलाच हवी, तिला लागण झाली असेल तर औषधं जितकी लवकर तितकं बाळ वाचायची शक्यता जास्त, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता आत्ता त्याच्यातूनच जातो. तो उठून गेला की ती पण आपल्या हातातून गेली. आणि कायद्यात वाट आहेच की, 2017 चा एचआयव्हीचा कायदा, डॉक्टर किंवा काउन्सेलर जोडीदाराला सांगू शकतात, पण आधी त्याला समजावायचं, तो सांगणारच नाही याची खात्री झाली पाहिजे, आणि मी सांगणार आहे हे त्याला आधी कळवायचं. म्हणजे तिथे पण तो समोर खुर्चीत बसलेला लागतोच. तुझ्या सिनियर मॅडमशी बोल, एकटीने ठरवू नकोस.

आणि तो का सांगत नाही हे आपल्याला माहीत नाही मनू. तू ठरवलंस निर्लज्ज आहे म्हणून. कदाचित असेलही. कदाचित त्याला वाटत असेल ती पोटातल्या बाळासकट माहेरी निघून जाईल, कदाचित कुणीतरी त्याला सांगितलं असेल आता सगळं संपलं. त्याला हे तरी माहीत आहे का, की गोळ्या नीट घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही? तू ते सांगायच्या आधीच तो उठला ना.

सोमवारी फोन कर. त्याच्याच नंबरवर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर कुठून बोलतेस ते सांगू नकोस, नंतर करते म्हणून ठेवून दे. त्याने उचलला तर बायकोचं लगेच काढू नकोस. म्हण, त्या दिवशी मी बोलले ते मी बोलायला नको होतं. आणि म्हण, तुमचा कागद इथे राहिलाय, मी तुमच्यासाठी नीट ठेवलाय, कधी याल?

आई