मोरीचं मटण खाल्लं, आणि बदलीचं खरं काय ते

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर काही सांगायला गेलं की बाबा "बॅलन्स संपेल" म्हणून मधेच ठेवतात (अनलिमिटेड आहे हो बाबा, कितीदा सांगू), म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच, आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय कोणी मला फोन करायचा नाही.

तर ही मालवणची ऑर्डर टेंपररी नाहीये. तीन वर्षांची आहे, आणि ऑप्शन फॉर्मवर पहिलं नाव मालवण मीच लिहिलं होतं. आता आई म्हणणार ठाण्याची ब्रांच मिळत असताना हे कुठलं खूळ. मिळत होती गं. पण ठाणं म्हणजे परत ती सकाळची लोकल, दारात लटकणं, रात्री साडेआठला घरी येऊन तुझ्याशी नीट दोन शब्दही न बोलता झोपणं, ते तुम्ही बघितलंय की. इथे रूमवरून ब्रांच चालत दहा मिनिटं. भाडं तिकडच्या निम्मं. आणि गावाकडची वर्षं कधीतरी करावीच लागतात, नाहीतर पुढे प्रमोशनला अडतं, मग चाळिशीत सगळं बिऱ्हाड घेऊन कुठेतरी लांब जाण्यापेक्षा आत्ताच आणि आपल्याच जिल्ह्यात केलेली काय वाईट? (बाबा अजून रत्नागिरी जिल्हाच म्हणतात, सिंधुदुर्ग होऊन 1981 पासून एवढी वर्षं झाली तरी.) तुमच्यापासून लांब जायचं होतं असं मात्र मनात आणू नका, तसं काही नाही.

जेवणाचं विचारत होतात ना रोज, तर त्याची काळजी सोडा. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ आहे, खाणावळ म्हणजे घराचीच पुढची खोली, चार टेबलं, आत काकी आणि तिच्या सासूबाई करतात, काका पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन लिलावातून मासे आणतात आणि मग दारातल्या पाटीवर खडूने आज काय ते लिहितात. परवा पाटीवर मोरी होती. आई, तू नाक मुरडलंस, दिसलं मला. आपल्याकडे मोरी कधी शिजलीच नाही, वास येतो म्हणून. काकी म्हणाली तो वास शिळ्या मोरीचा. मोरी म्हणजे शार्कच, आणि शार्कच्या अंगातच युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होत जातो, म्हणून मोरी त्याच दिवशीची हवी, बर्फात आठवडाभर हिंडून डोंबिवलीच्या मार्केटात पोचलेली नको. म्हणजे तू म्हणायचीस ते खरंच होतं, फक्त तुझ्या हातात कधी ताजी पडली नाही.

मी आत जाऊन बघितलं सगळं. आधी कढत पाणी ओततात आणि खरवडतात, कातडी इतकी खरखरीत की पॉलिश पेपरसारखी, ती निघाली की आत पांढरंशुभ्र. मग मोठे तुकडे, हळद-मीठ, आणि वाटण अगदी मटणाचं, सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून, धणे, मिरी, लवंग, बडीशेप, आणि मेमध्ये कुटून ठेवलेला घरचा मसाला. मी शहाणपणाने विचारलं तिरफळं नाही का, तर सासूबाई हसल्या, ती बांगड्याला, ह्याला नको. खाताना मासा वाटतच नाही, जाड जाड रेषा सुटतात, रस्सा भाकरीत मुरतो, आणि शेवटी सोलकढी, आगळ जरा जास्त घातलेली, लसूण नाकात जाणारी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आई. ऑफिसमधल्या मुलीने फोटो काढलाय, बघायचा असेल तर पाठवते पण माझे गाल बघू नकोस.

आणि बाबा, मोरीला काटा नाही! मधे एक कुर्चेचा दांडा, तो बाजूला काढला की संपलं. मला एकदम आठवलं, बांगड्याच्या आमटीच्या दिवशी तुम्ही आधी माझ्या ताटाच्या कडेला काटे काढलेले तुकडे रचायचात आणि मग स्वतः जेवायला बसायचात, तोपर्यंत तुमचा भात गार. मी आठवीत गेले तरी चालू होतं ते, दादा चिडवायचा. अजून कधी एकटी बांगडा घेऊन बसले की पहिला घास घ्यायला जरा वेळ लागतो. तुम्ही आलात की मोरी तुम्हाला मी वाढणार, निवांत जेवा.

काकीने विचारलं, "गाव खंयचो तुमचो?" कांदळगाव म्हटलं, मग कुणाच्यातले, मग आजोबांचं नाव सांगितलं तर सासूबाई हात पुसत बाहेरच आल्या. "तू तेंची नात?" पुढे काय काय बोलल्या ते इथे सांगेन समोर बसून. बाबा का येत नाहीत असंही विचारलं त्यांनी. मी एवढंच म्हटलं, येणार आहेत. घराचा विषय मी कुठेही काढलेला नाही आणि कांदळगावला एकटी गेलेही नाही, तुम्हाला वाईट वाटेल असं काही मी करणार नाही. पण रामेश्वराच्या देवळात तुमच्याबरोबर जायचंय मला, फक्त देवळात. मग पुढचं पुढे बघू, नाही बघितलं तरी चालेल.

आता नीट ऐका. दिवाळीनंतर यायचं. रूम तळमजल्यावर आहे, आईच्या गुडघ्यांना एकही पायरी नाही, कमोड आहे, गीझर आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, औषधाचं दुकान कोपऱ्यावर आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय. तिकीट आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, त्यामुळे बाबांनी स्टेशनवर जाऊन रांगेत उभं राहायचं नाही, मी मोबाईलवरून काढते, तुतारी किंवा कोकणकन्या, लोअर बर्थ मागते, कुडाळला उतरायचं, मी रिक्षा घेऊन उभी असेन. विमानाने चिपीच्या विमानतळावर उतरायचं खूळ दादाने डोक्यात घातलंय ते काढा. बाबा, तुम्हाला स्टेंट बसलाय, सुका बांगडा आणि लोणचं बंद म्हणजे बंद, आई तू लपवून देतेस मला माहितेय. इथे आल्यावर रस्सा खा पण मीठ कमी करायला मी काकीला सांगणार, चिडलात तरी सांगणार. बीपीची गोळी सकाळची सकाळीच, चहाआधी विसरली म्हणून दुपारी दोन नाही घ्यायच्या.

आणि आई, तू नको म्हणालीस तर तुला मोरी वाढणार नाही, तुझ्यासाठी तिसऱ्या सांगते, एकशिपी, तुझ्या आवडीच्या.

तारीख रविवारच्या आत कळवा. सोमवारी पोचायचं नको, काकी सोमवार पाळते, चूल शाकाहारीच असते, आणि काकांना मोरीचं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, मिळाली तरच आणतात.

तुमची,
मनी

ता.क. बाबा, फोन करताना स्पीकरवर ठेवून ओरडू नका, मला नीट ऐकू येतं.