हरीण ‘भीतीने मेले’ एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,

संशोधनासाठी गळ्यात रेडिओ-कॉलर (ठावठिकाणा कळवणारा पट्टा) लावताना किंवा एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेताना चितळ दगावले की बातमीत एक ठरलेले वाक्य असते : ‘भेदरल्याने हृदयक्रिया बंद पडली.’ चितळ भेदरते, यात वाद नाही. पण पुष्कळदा ते मरते स्नायूंमुळे. जाळ्यात जिवाच्या आकांताने धडपडताना स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, आम्ल साचते, अंग तापते आणि स्नायूंचे तंतू फुटतात. त्यातले तांबडे द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसते. लघवी काळ्या चहासारखी होते, मागचे पाय ताठरतात. याला ‘कॅप्चर मायोपथी’ म्हणतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि मरण काही तासांत येते तसे दोन आठवड्यांनीही येते. ‘सोडताच उड्या मारत पळाले’ हा म्हणूनच यशाचा पुरावा नव्हे.

हे टाळता मात्र येते. भुलीची बंदूक ऐकायला सोपी वाटते, पण बाण लागलेले चितळ जागीच कोसळत नाही. पाच-दहा मिनिटे पळते, झाडीत हरवते, पाण्याकडे गेले तर बुडते. फासेपारध्यांचे कसब मोठेच, पण पायाला फास बसून हरीण उसळले तर नडगी मोडते. अभ्यासाला ते चालत नाही. अख्खा कळप हलवायचा असेल तर आफ्रिकेतून आलेला ‘बोमा’ बरा. नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे कुंपण आणि टोकाला गाडीत चढणारी अंधारी वाट. कुंपणाला हिरवे कापड लावतात ते शोभेसाठी नाही. पलीकडचे दिसले की चितळ जाळीवर धडकते. दिसले नाही तर भिंत समजून वळते. एका फटीतून उजेड आला, तरी कळप तिकडेच घुसतो.

दोन-चार जनावरांनाच कॉलर लावायची असेल तर वरून पडणारे जाळे वापरावे. खांबांवर ताणलेल्या जाळ्याखाली मीठ, मोहाची फुले टाकून आठ-पंधरा दिवस नुसती सवय लावायची. घाई होते ती इथेच. जाळे पडले की हातात पंधरा मिनिटे आहेत असे धरून चालावे. आधी डोळ्यांवर कापड. त्याने धडपड लगेच उतरते. मग जनावर कुशीवर न पाडता छातीवर बसवायचे, मान वर आणि तोंड खाली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वायू साचतो आणि पोटातले पाणी घशात येऊन फुप्फुसात उतरू शकते. गुदद्वारात थर्मामीटर. ताप 40 अंश सेल्सियसच्या वर गेला की पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओतावे. 41 दिसले की कॉलर न लावताच जनावर सोडून द्यावे. हे सगळे हिवाळ्यात, पहाटे, आणि तोंड मिटून. फोटोला तिथे जागा नाही.

नराच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. चितळांत सगळ्या नरांची शिंगे एकाच हंगामात गळत नाहीत, त्यामुळे कुठल्याही महिन्यात कोणी ना कोणी मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगांवर रक्ताने भरलेली मऊ कातडी असलेला, असतोच. मखमली शिंग हातात धरले तर भळाभळा रक्त येते. माजावर आलेल्या नराची मान फुगते, म्हणून त्याची कॉलर ताणली जाणारी हवी. मादीचे वजन 40-50 किलो धरले तर कॉलर जनावराच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जड नको या नियमाने सव्वा ते दीड किलोची मुभा निघते. पण अर्ध्या किलोच्या वर जायचे कारणच काय? पट्ट्यात सुती कापडाचा एक तुकडा शिवावा. आपोआप सुटणारे कुलूप अडकले, तरी कापड कुजून कॉलर गळून पडते.

कॉलरच्या रेडिओ-ठोक्यांवरून मागोवा घेतानाही फसगत होते. तीन दांड्यांच्या अँटेनाने दोन-तीन जागांवरून दिशा घ्याव्यात, पण वीस मिनिटांच्या आत आणि शक्यतो काटकोनात. उशीर केला तर हरीण सरकते. सातपुड्यातल्या दऱ्यांत कड्यावरून परतलेला आवाजच जास्त ठळक ऐकू येतो. जीपला टेकून होकायंत्र पाहू नये, लोखंडाने काटा हलतो. सोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांच्या नोंदी वावराच्या हिशेबात धरू नयेत. ती वागणूक पकडले गेल्याची असते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 12 खाली संशोधनाला परवानगी देताना दोन आकडे जाहीर करायची अट घालावी : किती पकडली, आणि तिसाव्या दिवशी त्यांतली किती जिवंत होती. जनावर काही तास हलले नाही तर कॉलरचे ठोके दुप्पट वेगाने वाजू लागतात. त्याच दिवशी तिथे पोहोचून मांडीच्या स्नायूचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मालिनमध्ये घ्यायला हवेत. दुसऱ्या दिवशी गेलात तर कोल्ह्यांनी काही उरवलेले नसते.

— वन्यजीव अभ्यासातील क्षेत्र-सहायक, नागपूर