सनद एकदाच, शिक्षणही एकदाच?

महोदय,

ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले आणि 2021 मध्ये खुद्द न्यायालयालाच त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. दोष पोलिसांचा, हे खरे. पण त्या आरोपींच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांचे काय? कलमच अस्तित्वात नाही, एवढे सांगायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही, पुस्तक मात्र पुन्हा उघडावे लागते.

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षण घेऊन क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. वकिलाने बार परीक्षा एकदा दिली की पुढची चाळीस वर्षे कोणी काही विचारत नाही. (मीही त्यातलाच, म्हणून लिहितो आहे.)

दरम्यान 2017 मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला आणि 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदेच बदलले. सरसकट अटक करू नका, असे बजावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालातली, अटकेऐवजी हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 41अ मध्ये नाही, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये शोधावी लागते. रिमांडच्या वेळी हे ठाऊक नसेल, तर अशील विनाकारण कोठडीत जातो.

बार कौन्सिलने दरवर्षी निदान काही तासांचे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि त्यात मूलभूत हक्कांना राखीव वेळ द्यावा. सत्कार-भाषणांचे तास मात्र त्यात धरू नयेत.

— एक वकील