नेत्यांच्या ट्रस्टची मेहेरबानी नको, आमच्या पोरांना हक्काची तारीख द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी ऐरोलीत राहते आणि नवी मुंबईतल्या दिघ्याच्या डोंगरावरच्या वस्तीत संध्याकाळी पोरांचा नाटकाचा वर्ग घेते. छोटीशी रजिस्टर्ड संस्था आहे, पगारी माणूस एकही नाही. तुम्हाला वेळ कमी असतो हे माहितीये, तरी पत्र शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

आमच्या भागातल्या एका नेत्यांचा ट्रस्ट आहे, कला, संस्कृती, सामाजिक न्याय वगैरे सगळं लेटरहेडवर छापलेलं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्रास मला नाही, वस्तीतल्या लोकांना होईल. त्यांनी वस्तीतल्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की या पोरांचा प्रयोग आमचा ट्रस्ट करणार, नाट्यगृहाचं भाडं आमचं, लाईट-साऊंड आमचं, आणि तालमीला समाजमंदिराचा हॉल कायमचा तुमचा. टाळ्या झाल्या, पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो झाले, त्या फोटोचा बॅनर रिक्षा स्टँडला लागला. पोरं जीव तोडून तालमी करत होती. आमच्या नाटकात सावित्रीबाई झालेली मुलगी सकाळी धाकट्या भावाचं सगळं आवरून, पाणी भरून शाळेत जाते आणि तरी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. आणि प्रयोग तोंडावर आलेला असताना ट्रस्टच्या माणसाचा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, मॅडम यंदाचं बजेट महोत्सवाला गेलं, पुढच्या वर्षी बघू. फोन केला तर उचलत नाहीत. समाजमंदिराला कुलूप, आत महोत्सवाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. बॅनर मात्र अजून तसाच आहे.

नाट्यगृहाच्या तारखेचे पैसे मी भरले होते, कारण ट्रस्टवाले म्हणाले, तुम्ही आत्ता भरा, आम्ही नंतर देतो. पतपेढीतून कर्ज काढून भरलेत ते पैसे साहेब, आणि तारीख रद्द केली तर ते परत मिळत नाहीत. जांभळी नाक्यावरून कापड आणून लुगडी, पगड्या, बंडी घरी शिवल्या, ते सगळं आता बेडखाली गाठोड्यात पडलंय. डोंगर चढून माझे गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात चढणं बंद करा, बीपीची गोळी वाढवली, घरात रोज वाद, नवरा म्हणतो रिटायरमेंटचे पैसे लोकांच्या पोरांवर उधळतेस, आणि आता त्याला काय उत्तर देऊ? रात्र रात्र झोप लागत नाही, कारण मुलं तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त विचारतात बाई तालीम कुठे करायची.

तुमचे अधिकारी म्हणतील की सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या समाजकामाच्या निधीकडे जा. गेले ना. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचा २ टक्के समाजकामाला द्यायचा, आणि कंपनी जिथे चालते त्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं हेही त्याच कायद्यात लिहिलंय. दिघ्याला लागून टीटीसीची (ठाणे खाडीपलीकडची) अख्खी एमआयडीसी, कारखान्यांची वसाहत आहे, तिथला धूर आणि ट्रक आमच्या पोरांच्या वाट्याला, तर २ टक्क्यांतला रुपया का नाही? एका कंपनीतले साहेब म्हणाले नाटक नको, आरोग्य किंवा शिक्षण दाखवा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती आहे हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले त्यात मोठ्या संस्था बसतात. म्हणजे काय तर आयकराची १२ ए नोंदणी पाहिजे, देणगीदाराला करसवलत देणारी ८० जी पाहिजे, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म पाहिजे, ऑडिट पाहिजे, सीएची फी पाहिजे, एवढं सगळं करून वर ओळख पाहिजे. ओळख कुणाची तर नेत्याची. फिरून फिरून त्याच दारात.

साहेब, माझं खरं भांडण इथे आहे. गरिबाच्या पोराने स्टेजवर उभं राहणं ही कुणाची तरी कृपा का असावी? महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं होतं, कमिटीने नाकारलं. सरकारी कमिटी, शूद्रातिशूद्रांचं दुःख मांडणारं नाटक, आणि नकार. पावणेदोनशे वर्षं व्हायला आली, आम्ही त्याच रांगेत उभे आहोत, फक्त तेव्हा निदान नकार तरी मिळत होता, आता पुढच्या वर्षी बघू मिळतं.

आणि नेते असे नसतातच असंही नाही. शाहू महाराजांनी १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखल्या, त्याच महाराजांनी कोल्हापूरला पॅलेस थिएटर बांधलं, गायक अल्लादिया खाँसाहेबांना पदरी ठेवलं. न्याय आणि कला त्यांना वेगळी खाती वाटली नाहीत, आणि जागा राखल्या त्या हुकूम काढून राखल्या, भाषणात सांगून नाही. राजाचं सोडा, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुल्यांनी 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करत फिरून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, चळवळीतल्या कार्यकर्त्यांना त्यातून मानधन मिळालं. आमच्या ठाण्यातच रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला, वस्तीतली मुलं स्वतः लिहून स्वतः नाटकं करतात. यातल्या कुणीही पोरांच्या फोटोवर स्वतःचा चेहरा मोठा करून लावला नाही. आता मात्र वाढदिवस नेत्याचा, महोत्सव नेत्याच्या नावाचा, आणि ट्रस्टही घरातलाच.

सरकारकडे पैसा नाही हे कृपा करून सांगू नका. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषणचा सोहळा झाला तेव्हा पैसा होता, लाखो माणसं भर उन्हात बसवली, १४ जीव गेले उष्माघाताने. संस्कृतीच्या नावावर झालं ते, आमच्याच नवी मुंबईत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा चौकाचौकात अभिनंदनाच्या बॅनरना पैसा होता. दिघ्याचं रेल्वे स्टेशन बांधून तयार होतं आणि महिनोन्महिने बंद होतं, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हा लोकांना गाडी मिळाली, तोपर्यंत माणसं ऐरोलीपर्यंत जातच होती ना रोज. सगळं तयार असून फीत कापणाऱ्याची वाट बघायची, आमच्या नाटकाचंही तेच झालंय. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालायला सगळे येतात, पण अण्णाभाऊ ज्यांच्यासाठी गायले त्यांच्या पोरांना डफ वाजवायला एक खोली नाही या शहरात.

मागणी फार मोठी नाहीये. वाशीचं भावे, ठाण्याचं गडकरी आणि घाणेकर, ही नाट्यगृहं लोकांच्या पैशाने बांधलेली आहेत, तिथे महिन्यातला एखादा दिवस वस्तीतल्या गटांसाठी नाममात्र भाड्यात राखून ठेवा, तसा जीआर काढा आणि महापालिकांकडून तो पाळून घ्या. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यातला एक हॉल तालमीला उघडा. छोट्या संस्थांसाठी छोटं अनुदान ठेवा, हो की नाही ते ठरलेल्या तारखेच्या आत लेखी कळवा, शिफारसपत्र लागणार नाही असं अर्जावरच छापा. आणि जे नेते आपल्या ट्रस्टच्या नावाने स्टेजवरून मुलांना शब्द देतात त्यांनी किती दिले आणि कुणाला दिले ते दरवर्षी जाहीर करावं असा नियम करा. हे तुमच्या एकट्याच्या खात्यात बसत नसेल तर ज्यांच्या बसतं त्यांना तुम्ही पत्र लिहा, आमची पत्रं आवक-जावक रजिस्टरच्या पुढे जात नाहीत.

आमचा प्रयोग आम्ही करणार आहोत, मैदानात केला तरी करू, वर्गणी काढून करू. तुम्ही या, पुढच्या रांगेत खुर्ची मांडू, पण बॅनर लागणार नाही. या पत्राचं उत्तर मात्र लेखी पाठवा, पीएचा फोन नको. पत्ता तुमच्या कार्यालयात दिलेल्या अर्जावर आहे.

आपली,
दिघ्याच्या पोरांची नाटकवाली बाई, ऐरोली