बंड्यास, ग्लासगोहून

३० जून

प्रिय बंड्या,

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. वेळ नव्हता असं नाही, तोंड नव्हतं. माझं बीपी ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे.

काल चिंटूला शाळेची सुट्टी लागली, म्हणून सगळे एअरजवळच्या अ‍ॅलोवेला गेलो. रॉबर्ट बर्न्स म्हणून इथला मोठा कवी, त्याचं जन्मघर. बाप माळी. १७५७ साली त्याने स्वतःच्या हातांनी मातीच्या भिंती उभारून वर गवत शाकारलेलं. स्वयंपाकघरातच भिंतीच्या कोनाड्यात पलंग, त्यावर १७५९ च्या २५ जानेवारीला पोरगं जन्मलं. गोठा त्याच ओळीत. तिथली बाई मोठ्या अपूर्वाईने सांगत होती, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली! सूनबाईंनी नाक मुरडलं. मी मात्र हसलो. आपली कपिला माजघरात डोकावून तुझ्या ताटातली भाकरी ओढायची, ते या बाईला कोण सांगणार?

पुढचं ऐकून मात्र हसू गेलं. पोर काही दिवसांचं असताना वादळ झालं, टोकाची भिंत कोसळली. रातोरात बाळ-बाळंतिणीला शेजाऱ्याकडे हलवावं लागलं. बापाने भिंत परत घातली.

मला ती वैशाखातली शाकारणी आठवली. नाना आढ्यावर, आपण दोघं खालून पेंढ्या फेकणारे. तू सुंभ ढिला बांधलास आणि पहिल्याच पावसात अर्धं पाखं उडालं. (मीच बांधला होता, बंड्या. पन्नास वर्षं तुझ्या नावावर खपवतोय. नानांची थप्पड तू खाल्लीस.) त्या रात्री तुमच्याच पडवीत झोपलो आम्ही सगळे. काकूंनी कुळथाचं पिठलं केलं होतं.

तर ऐक. होळीला तू म्हणालास, "दादाला काय करायचं ते करू दे, तू सही करू नकोस." मी मान डोलावली. सही जानेवारीतच झाली होती. दादा घर पाडून होमस्टे बांधणार. वर शोभेला गवताचं छप्पर घालणार म्हणे, पाहुण्यांना आवडतं! नानांनी पोटाला चिमटा घेऊन कौलं चढवली, तेव्हा गवत गेलं म्हणून तू रडला होतास, आठवतं?

हे अ‍ॅलोवेचं घरसुद्धा १७८१ मध्ये बापाने विकलंच. पुढे कितीतरी वर्षं तिथे चक्क गुत्ता होता. कीट्स हा इंग्रज कवी १८१८ साली येऊन पिऊन गेला. १८८१ मध्ये स्मारकवाल्यांनी घेतलं, म्हणून आज तिकीट काढून बघता येतं. दारू विकली, पण पाडलं नाही कुणी. मी त्या पलंगासमोर इतका वेळ उभा राहिलो की चिंटू विचारू लागला, आजोबा, झोप आली का?

पमीचं बाळंतपण नीट झालं ना? वहिनींना सांग, आमसुलं संपली.

पाडकाम दिवाळीनंतर आहे. दादाशी भांडू नकोस, शिव्या मला दे. फक्त एक कर. नानांचं फणसाचं आढं शाबूत उतरवून घे आणि तुझ्या पडवीत ठेव. लांबीला बसणार नाही, तिरकं ठेव. पण कापू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या