सेल मॉलचा, फुकटचं पाकीट आमचं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

यावल तालुक्यात आमचा केळी वेफर्स आणि उडदाच्या पापडाचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे काय तर पत्र्याचं शेड, दोन मोठ्या कढया आणि गावातल्या चौदा बाया. दोन वर्षांपासून एका मोठ्या सुपरमार्केट कंपनीला माल देतोय. पहिली ऑर्डर आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, आता बायको विचारते पेढ्यांचे तरी पैसे निघाले का.

परवा एका बिलाचा हिशोब लावला. बिल 38,400 चं, 97 दिवसांनी खात्यात आले 29,650. बाकीचे डेबिट नोटमध्ये, म्हणजे कंपनीने बिलातून परस्पर कापलेल्या रकमेच्या चिठ्ठीत गेले, डिस्प्लेचे, ब्रेकेजचे आणि त्यांच्या कुठल्यातरी वर्धापन सेलचे. सेल त्यांचा, दोनवर एक फ्री त्यांनीच लावलं, आणि फ्रीचं पाकीट आमच्या खिशातून, विचारलं पण नाही हो. वर 60 पाकिटं परत पाठवली, एक फोडून पाहिलं तर तेल खवट, गोडाऊनमध्ये कुठं उन्हात पडली होती कोणास ठाऊक, पण नुकसान आमच्या नावावर. भिवंडीला त्यांच्या गोडाऊनच्या गेटवर गाडी दीड दिवस उभी, ड्रायव्हरचा भत्ता आपणच द्यायचा.

केळीचा व्यापारी कटती लावतो, म्हणजे वजनात कापतो, म्हणून आपण खान्देशवाले त्याला शिव्या घालतो, पण तो निदान बांधावर उभा राहून घड बघून लावतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. इथं भांडायचं कोणाशी, कंपनीच्या ऑनलाइन पोर्टलशी?

कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे ना. 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की करार लेखी असला तरी छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या वर थांबवायचे नाहीत, थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. आमचा सीए म्हणाला टाका तक्रार, मी म्हटलं भाऊ टाकतो, पण त्यात आपलं नाव जातं ना, मग पुढची ऑर्डर कोण देईल? आणि हा कायदा उशिराचा आहे, कापाकापीचा नाही. करारावर सही आपलीच असते, बारीक अक्षरात काय होतं ते डेबिट नोट आल्यावर कळतं.

ब्रिटनमध्ये यावर उपाय काढलाय. 2010 पासून तिथं मोठ्या किराणा साखळ्यांना सप्लायरशी कसं वागायचं याचा सक्तीचा कोड आहे, वर्षाला 100 कोटी पौंडांच्या वर किराणा विकणाऱ्यांसाठी. दुकानातून चोरी झाली तर तो भुर्दंड सप्लायरवर टाकायचा नाही, सेलचा मुख्य खर्च त्याच्याच गळ्यात मारायचा नाही, मागच्या तारखेने अटी बदलायच्या नाहीत. 2013 मध्ये त्यावर लक्ष ठेवायला खास अधिकारी नेमला, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तक्रार करणाऱ्याचं नाव तो गुप्त ठेवतो. 2016 मध्ये टेस्कोसारख्या बलाढ्य किराणा कंपनीने सप्लायरचे पैसे मुद्दाम लांबवले असा ठपका त्याच कार्यालयाने ठेवला. दंड नाही झाला, कारण दंडाचा अधिकार त्या प्रकरणानंतर मिळाला, पण आता उलाढालीच्या 1 टक्क्यापर्यंत करता येतो. आपल्याकडे असं एखादं कार्यालय का नको?

हे फक्त वेफर्सवाल्याचं रडगाणं समजू नका. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला तेव्हा थेट विक्री, थेट विक्री म्हणून टाळ्या वाजल्या. रावेर-सावद्याच्या ज्या शेतकऱ्याला उद्या केळी थेट मॉलला द्यायची आहे त्याने विचार करावा, समितीत निदान हिशोबपट्टी हातात पडते, तक्रारीला सचिवाचं दार असतं. थेटमध्ये कोणतं दार?

खोटं कशाला बोलू, मॉलमध्ये माल खपतो, म्हणून तर सोडवत नाही. सोमवारी परत गाडी भरायची आहे, तेव्हा पत्र छापलं तर कृपा करून नाव छापू नका.

आपला,
एक वेफर्सवाला, ता. यावल, जि. जळगाव