संगणकाचे स्पीकर रेडिओसारखे बोलतात, याबाबत चौथी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संगणक बंद असतानाही स्पीकरमधून रेडिओ ऐकू येणे, स्पीकर बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणे.

महोदय/महोदया,

तुमचे दोन स्पीकर (उजव्यात सर्किट आणि व्हॉल्यूमचं बटण, डावा त्याला लांब वायरीनं जोडलेला) मी घेतले त्याला आता तीन महिने होतील. त्यातून पहिल्या दिवसापासून रेडिओ ऐकू येतो. खरखर म्हणत नाही मी, रेडिओच. निवेदिकेचं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजतं.

मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून देणं हा माझा व्यवसाय. मागच्या आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ आपल्या शाळेबद्दल सांगत होते. काम तपासताना लक्षात आलं, की त्यांच्या मास्तरांच्या आठवणीच्या मधोमध मी ‘समुद्र खवळलेला राहील’ असं टाइप करून ठेवलंय. ते हवामानाच्या बातमीतलं होतं. हेडफोन वापरा, असं तुमच्या प्रतिनिधींनी सुचवलं. दिवसाचे आठ तास हेडफोन घालवत नाही म्हणूनच तर स्पीकर घेतले.

याआधीच्या तीन तक्रारींना तीन उत्तरं आली. पहिलं : मोबाइल लांब ठेवा. दुसरं : साउंड ड्रायव्हर (संगणकातला आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) अपडेट करा. तिसऱ्या वेळी उत्तराऐवजी पाकिटातून एक फेराइटची क्लिप आली, म्हणजे वायरीतून येणाऱ्या रेडिओ लहरी अडवण्यासाठी तिच्यावर चिमटायचा चुंबकीय पदार्थाचा तुकडा.

मोबाइलचा आवाज मला ओळखता येतो. टक-टक-टक, मग बर्रर्र. टू-जी जाळ्यावरचा फोन बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, त्यांचीच ती बर्रर्र. फोन हातभर सरकवला की जाते. माझ्याकडचा त्रास फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनही तसाच होता, त्यामुळे तो विषय संपला.

ड्रायव्हरचं म्हणाल, तर मी संगणक बंद केला. स्पीकरची पिन संगणकातून उपसून टेबलाच्या कडेवरून लोंबती ठेवली. बटण पार शून्यावर नेलं. आणि बातम्या चालूच! कमीही झाल्या नाहीत. संगणकाला जोडलेलाच नसलेला स्पीकर कुठल्या ड्रायव्हरनं सुधारणार, हे कळवलंत तर उपकार होतील.

बटण फिरवून आवाज तसूभरही बदलत नाही, याचा अर्थ रेडिओ बटणाच्या पुढे कुठेतरी आत शिरतोय. मग मी डाव्या स्पीकरची वायर उजव्यातून काढली. उजवा जवळजवळ गप्प झाला. कान लावला तर पुसटशी कुजबुज. वायर परत खोचली, बाई परत बोलायला लागल्या. वायर मुठीत धरली की आवाज वरखाली होतो, टेबलावर पसरून ठेवली की वाढतो. म्हणजे ती वायर अँटेना झाली आहे. तिनं पकडलेल्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह रेडिओच्या) उलट्या वाटेनं अॅम्प्लिफायरमध्ये जातात, आतला ट्रान्झिस्टर डायोडसारखा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेसारखा, वागून त्यातला आवाज सुटा करतो, आणि पुढचं काम तुमचा अॅम्प्लिफायर इमानेइतबारे करतो. शाळेत आम्ही बिनबॅटरीचा क्रिस्टल रेडिओ केला होता. तत्त्व तेच. फक्त तो आम्ही मुद्दाम केला होता.

आता तुमची क्लिप. सूचनेप्रमाणे वायरीवर चिमटली. काडीचाही फरक नाही. पडणारही नव्हता. फेराइटमधून वायर एकदाच गेली तर मध्यम लहरींना, म्हणजे साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झला, फारसा अडथळा होत नाही. असल्या बऱ्याच क्लिपा त्याहून कितीतरी जास्त किलोहर्ट्झच्या लहरींसाठी असतात. क्लिपचं भोक इतकं लहान, की दुसरा वेढा घालायलाही जागा नाही. माझ्या भावानं त्याच्याकडचं एक मोठं फेराइटचं कडं दिलं, कमी किलोहर्ट्झच्या लहरींना चालणारं. अडथळा ढोबळमानानं वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून त्यात सात वेढे घातले, तेही उजव्या खोक्याला अगदी लागून. बातम्या ओळखू येणार नाहीत इतक्या खाली गेल्या. पूर्ण गेल्या नाहीत, कारण संगणकाकडे जाणारी वायर आतूनच पक्की जोडलेली आहे आणि तिला, हाताला लागते त्यावरून, शिल्डची (बाहेरच्या लहरी अडवणारी तारेची) जाळीही असावीसं वाटत नाही.

भाऊ म्हणतो, आत इनपुटवर आणि स्पीकरच्या टोकांवर रेडिओ लहरी गाळणारे लहानसे कपॅसिटर आणि फेराइटचे मणी टाकले की काम होईल. अर्ध्या तासाचा मामला. पण मागे स्टिकर आहे : सील तुटल्यास वॉरंटी रद्द. तुम्ही न टाकलेला भाग मी टाकायचा आणि वर वॉरंटीही मीच घालवायची, हे मला मान्य नाही.

‘तुमच्या भागात सिग्नल जास्त असेल’ असंही फोनवर ऐकवण्यात आलं. असेल. रेडिओ केंद्र आपल्या ठरलेल्या लहरीवर आपलं काम करतंय, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच टेबलावर माझा जुना स्पीकर सहा वर्षं गप्प होता, तो फाटला म्हणून हे घेतले. बाहेरच्या लहरींपुढे असली उपकरणं किती टिकतात हे तपासण्यासाठी सिस्पर ३५ (CISPR 35) हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. या मॉडेलची त्यानुसार चाचणी झाली असेल तर अहवाल पाठवावा, आणि ती डावी वायर जोडून झाली होती का, तेही कळवावं.

माझी मागणी साधी आहे. शिल्डेड वायर आणि आत योग्य फिल्टर असलेला जोड बदलून द्या. तसा तुमच्याकडे नसेल तर पैसे परत करा. याच मॉडेलचा दुसरा नग पाठवू नये. तोही हेच बोलेल. दहा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत बिलाची प्रत आणि एक मिनिटाचं चित्रण जोडलं आहे. त्यात लोंबती पिन, शून्यावरचं बटण आणि बंद संगणक एकाच चौकटीत दिसतात. आवाज मोठा करावा लागणार नाही.

आपली,
एक ग्राहक

ता. क. : वायरीवरचं मोठं कडं भावाचं आहे. स्पीकर न्यायला माणूस येईल त्या दिवशी मी ते काढून ठेवीन. तुमची क्लिप मात्र खोक्यात टाकली आहे.